आधी पडायचं

सलूनवाल्याने वस्तरा धरलेला हात हवेत उचलला आणि बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेला गादीवाला धपकन खाली पडला.

कोणी त्याला हात लावला नव्हता. सलूनवाला तर चांगला लांब, खुर्चीतल्या बसड्रायव्हरच्या गालावर काम करत होता. खऱ्या मारामारीत कोणती विद्या कामाला येते यावर वाद रंगला होता आणि कुस्तीची बाजू मांडता मांडता त्याचा हात वर गेला, एवढेच. पण गादीवाल्याचे पडणे बघण्यासारखे होते. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ कमानीसारखी गोल, एक तळहात फरशीवर सपाट आपटलेला. डोके फरशीला लागलेसुद्धा नाही.

"काय हो, काय झालं?" ड्रायव्हरने आरशातूनच विचारले.

"काही नाही. बाक घसरला," गादीवाला कपडे झटकत म्हणाला. बाक भिंतीत खिळ्यांनी ठोकलेला होता.

"पडलो तरी नाक वर," सलूनवाला म्हणाला आणि सगळे हसले. गादीवालाही हसला. पण त्याचा तळहात झिणझिणत होता. आपण पडणार हे त्याला नेहमीप्रमाणे पडल्यावरच कळले होते.

"कुस्ती ठीक आहे, समोर एकच असेल तोवर," ड्रायव्हरने वादाचे टोक पुन्हा उचलले. "दोघं आले तर? एकाला तू खाली दाबून बसणार, तोवर दुसरा तुझ्या पाठीत लाथ घालणार. त्यापेक्षा कराटे बरं."

"कराट्यात पाय डोक्यापर्यंत न्यावा लागतो. तुझा पाय गुडघ्याच्या वर गेलेला कोणी पाहिलाय?"

"ब्रेक मारायला लागतो तेवढा जातो."

"मग भांडणात ब्रेकच मारशील. खरं सांगू? सगळ्यात भारी विद्या म्हणजे पळणं. गुरू नको, गणवेश नको."

दाराशी बसलेला बॉक्सर इतका वेळ नुसता ऐकत होता. वयाने तरुण, नाकाचे हाड बसलेले, आवाज मात्र एखाद्या मास्तरासारखा मऊ. गोदामापलीकडच्या शेडमध्ये तो मुलामुलींना ठोसे मारायला शिकवत असे.

"विद्या कुठली याला फार अर्थ नाही," तो म्हणाला. "कुस्ती घ्या, ज्युदो घ्या, आमचं घ्या. शिकताना समोरचा खरंच विरोध करतो का, एवढंच बघायचं. जिथं विरोध नाही, तिथं सगळं नाटक." मग तो गादीवाल्याकडे वळला. "काका, तुमच्या वस्तादांकडे कोणी विरोध करतं का?"

"विरोध कशाला करायचा? विरोध केला तर हाड मोडतं."

"बरं. आणि ते हात न लावता पाडतात तेव्हा? तेव्हा कोणतं हाड मोडणार असतं?"

सलूनवाल्याने वस्तरा धुवायला नळ सोडला.

सगळ्यांनाच ती गोष्ट ठाऊक होती. वस्तादांच्या हॉलमध्ये स्वतःचा बचाव करायला शिकणारी हॉस्पिटलमधली नर्स महिन्यापूर्वी कामावरून परत येत असताना एका माणसाने तिला बोळात गाठले. तिने शिकवल्याप्रमाणे श्वास सोडला, तळहात पुढे केला आणि उभी राहिली. तो माणूस पडला नाही. आता ती तोंडापुढे रुमाल धरून बोलायची.

बॉक्सर वस्तादांना जाऊन भेटला होता. उद्धटपणे नाही. चप्पल बाहेर काढून, हात जोडून. मला पाडून दाखवा, नाहीतर बायकांना हे शिकवणं बंद करा, असे म्हणाला. वस्ताद म्हणाले होते, ये रविवारी सकाळी.

"हात दाखवून अवलक्षण," सलूनवाला पुटपुटला.

"काका, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने," बॉक्सर म्हणाला. "तुम्ही सांगा त्यांना, नका येऊ म्हणून. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर मारायची मला हौस नाही. पण ते मॅटवर आले तर मी थांबणार नाही. त्या बोळातला माणूस थांबला नव्हता."

गादीवाला दाढी न करताच उठला.

तो हॉलमध्ये पहिल्यांदा गेला होता तो मॅट दुरुस्त करायला. तेव्हा मॅट म्हणजे जाड कापडाच्या खोळी आणि आत ठासून भरलेला कापूस. शिवण उसवली की त्याला बोलावणे यायचे. दाभण आणि सुतळी घेऊन तो दिवसभर कोपऱ्यात बसला, शेवटचा टाका ओढून गाठ मारली. वस्ताद म्हणाले, "टाके पक्के आहेत का, कसं कळणार?"

"पडून बघा," गादीवाला म्हणाला.

"मी पडत नाही. तूच बघ," वस्ताद म्हणाले आणि त्याचे मनगट धरून असे काही वळवले की गादीवाला हवेतून फिरून आपल्याच टाक्यांवर येऊन आदळला. दुखले नाही. उलट, असे हलके त्याला कधी वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो आपणहून गेला.

वस्तादांचा एक नियम होता. आधी पडायचं, मग विचारायचं. नियमात खोट नव्हती. सांधा पिळला जात असताना ताठ उभा राहणारा माणूस आपलाच हात मोडून घेतो. म्हणून जोर आला की त्याच्याबरोबर जायचे. जो लवकर जाईल तो चांगला शिष्य, जो जोर येण्याच्या बेतात असतानाच जाईल तो त्याहून चांगला. गादीवाला सगळ्यांत चांगला होता. कुठेही प्रात्यक्षिक असले की वस्ताद म्हणत, "गादीला बोलवा."

वर्षे गेली. वस्तादांची पकड सैल होत गेली, तसतसे शिष्य आणखी लवकर पडू लागले. पुढे नुसती बोटे टेकली तरी पुरायचे. मग बोटे टेकायच्या आधीच. वस्तादांचा हात गादीवाल्याच्या मनगटापासून नेमका कधी सुटला, हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. वस्ताद लबाड नव्हते. तरुणपणी गोदीत हमालांची भांडणे त्यांनी खरोखर अंगाने सोडवली होती. त्यांना वाटले, आपली विद्या पिकली.

आणि मग ती विद्या गादीवाल्याबरोबर घरी आली.

बायकोने फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि तो स्वयंपाकघरात आडवा झाला, त्या दिवशी ती पोट धरून हसली होती. पुढे तिला सवय झाली. "अहो, हात वर करतेय हं," असे सांगून ती फळीला हात लावायची, आणि तो दाराची चौकट धरून डोळे मिटायचा. पण गेल्या आठवड्यात संध्याकाळी दोघे समोरासमोर बसून एका मोठ्या खोळीच्या दोन कडा शिवत होते. ती खाली मान घालून टाका घालत होती, दोन्ही हात मांडीवर. तो तिच्याकडे बघत होता आणि बघता बघता बसल्या जागेवरून मागे पडला.

"मी हात उचलला नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

तिने सुई खोळीत खोचून ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "उचलणार होते. दिवा लावायला."

त्यानंतर ती त्याच्या समोर बसेनाशी झाली. शेजारी बसायची.

हे सगळे मनात घोळवत गादीवाला हॉलच्या रस्त्याला लागला. वस्तादांना काय सांगायचे ते त्याने मनातल्या मनात जुळवून पाहिले. मी आपणहून पडतो, असे म्हणावे, तर तेही खरे नव्हते. त्याने कधी ठरवून अंग टाकले नव्हते. तुम्ही पाडता असे म्हणावे, तर सलूनवाल्याने कोणाकडे विद्या घेतली होती?

पलीकडच्या फुटपाथवर त्याला स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसणारा कारकून दिसला. एके काळी हॉलमध्ये दोघांची जोडी होती. मग एक दिवस कारकुनाने येणे सोडले, का ते कोणाला सांगितले नाही. जुना सोबती दिसल्यावर गादीवाल्याला बरे वाटले. "अरे ए," म्हणत त्याने हात वर केला.

कारकून रस्ता ओलांडायला निघाला होता, तो तिथेच पडला. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात डांबरावर. एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि शिवी हासडली. गादीवाला आपल्या वर राहिलेल्या हाताकडे बघत उभा राहिला. तो हात त्याला दुसऱ्याचा वाटला. त्याने तो हळूच खाली घेऊन खिशात घातला आणि मगच धावला.

"लागलं का?"

"नाही." कारकून बाजूला येऊन पँट झटकू लागला. वर बघत नव्हता. "हात खिशातच ठेव."

"तुलाही होतं?"

"घरचे फिट येते म्हणतात. गोळ्या चालू आहेत." त्याने इकडेतिकडे पाहिले. "खिडकीत बसून असतो म्हणून निभावलं. मध्ये काच आहे. काचेतून होत नाही."

"कशानं होतं रे हे?"

"ते तू मला विचारतोस? तू तर अजून जातोस." कारकून दोन पावले गेला, थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "त्या मॅटवर पडलं की किती हलकं वाटायचं नाही? तसं पुन्हा कुठं वाटलं नाही मला."

हॉलमागच्या खोलीत वस्ताद खाटेवर बसून नखे कापत होते. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. खोली चोख. पाण्याचा माठ झाकलेला, एकच ताट पालथे घातलेले, गणवेश घडी करून उशाशी. मागच्या खिडकीतून उतरतीचे ऊन समोरच्या भिंतीवर पडले होते.

"गादी, ये. उद्या जरा लवकर ये, मॅट पुसून घेऊ. माणसं येणार."

"वस्ताद, नका उतरू उद्या."

"घाबरतोस?"

"तो पोरगा खरंच मारतो. पोर वाईट नाही, पण मारेल."

"मारायच्या आधी पडला तर?"

सलूनपासून इथवर जुळवलेले शब्द गादीवाल्याला कुठेच सापडेनात. "वस्ताद, मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. डोळे मिटतो. तुम्ही मागून हात उचला. बोलू नका. मला कळू देऊ नका."

वस्तादांनी नखे कागदात गोळा केली, पुडी बांधली, खिडकीतून टाकली. "उभा राहा."

तो उभा राहिला. पापण्यांच्या आत तांबडा अंधार होता. माठाच्या झाकणावर माशी फिरत होती, तिचा आवाज येत होता. खाट कुरकुरली, म्हणजे वस्ताद उठले. मग काहीच नाही. तो पडण्याची वाट बघत राहिला. गुडघे सरळ होते, पाय जमिनीत रोवल्यासारखे होते, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या अंगाचे वजन जाणवले. ते फार होते. इतके वजन घेऊन लोक दिवसभर हिंडतात कसे, असे त्याच्या मनात आले.

वस्तादांचा श्वास मागे ऐकू येत होता. तो जरा जड झाला होता, हात बराच वेळ वर धरला की होतो तसा.

गादीवाल्याने डोळे उघडले. समोर भिंतीवर, उन्हात, एक भलामोठा हात उभा होता, बोटे छताला टेकलेली, किंचित कापणारी.

पुढच्या क्षणी तो जमिनीवर होता.

वस्ताद खाटेवर बसले आणि आपला खांदा चोळू लागले.

"आज उशीर झाला," ते म्हणाले.

"हो, वस्ताद."

"वय झालं तुझं."

"हो."

"उद्या तू माझ्या मागं उभा राहा," वस्ताद म्हणाले. "समोर नको."

रविवारी सकाळी हॉल माणसांनी भरला. सलूनवाला दुकान बंद ठेवून आला होता, ड्रायव्हरने सुट्टी टाकली होती. नर्स दाराशी उभी होती, रुमाल तोंडापुढे. वस्तादांचे शिष्य समोरच्या भिंतीला ओळीने उभे राहिले. त्यांच्यात दुकानदार होते, बँकेत काम करणाऱ्या बायका होत्या, एक निवृत्त मास्तर होते. बॉक्सर त्यांच्याकडे पाठ करून मॅटवर आला. हातमोजे घातलेले, चेहरा ओढलेला. त्याला झोप लागली नसावी.

"काका, सांगितलं नाही का तुम्ही?" त्याने वस्तादांच्या खांद्यावरून गादीवाल्याला विचारले.

"सांगितलं त्याने," वस्तादच म्हणाले.

गादीवाला वस्तादांच्या पाठीशी होता. इतक्या वर्षांत तो या जागी कधी उभा राहिला नव्हता. समोर बघायचे नाही असे ठरवून त्याने नजर वस्तादांच्या टाचांवर ठेवली. टाचा भेगाळलेल्या होत्या. त्या किंचित उचलल्या गेल्या, वस्ताद हात उचलताना उचलायचे तशा. पोते टाकल्यासारखा एक जड आवाज झाला.

त्याने वर पाहिले. बॉक्सर जागच्या जागी उभा होता, पापणीही न हलवता. पण त्याच्या मागे भिंतीजवळची सगळी ओळ खाली पडली होती. दुकानदार, बँकेतल्या बायका, मास्तर, सगळ्यांच्या हनुवट्या छातीला, सगळ्यांचे तळहात जमिनीवर. दाराशी नर्सही खाली होती. तिचा रुमाल बाजूला जाऊन पडला होता आणि ती उघड्या तोंडाने वस्तादांकडे बघत होती.

बघणाऱ्यांपैकी कोणी हसले नाही. सलूनवाल्याने ड्रायव्हरचा दंड पकडला. बॉक्सरने मागे वळून पाहिले.

वस्तादांना आयुष्यभर हेच दिसत आले असणार, असे गादीवाल्याला वाटले. हात उचलावा आणि माणसे पिकलेल्या कणसांसारखी आडवी व्हावीत. इथे उभा राहिला तर कोणीही विश्वास ठेवील.

"पुरे करू या?" बॉक्सर म्हणाला.

"तुझं राहिलं," वस्ताद म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला, दोन्ही हात अंगाशी सरळ सोडले. "ये."

बॉक्सर दोन पावले पुढे आला. त्याने मूठ उचलली, ठोसा खांद्यातून सोडला आणि अर्ध्यात त्याची हिंमत झाली नाही. हातमोजा वस्तादांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

वस्ताद पडले.

हनुवटी छातीला टेकली, पाठ गोल झाली, तळहात सपाट वाजला. गादीवाल्याच्या पायाशी येऊन ते उताणे झाले. कधीही न पडलेला माणूस असा पडेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यात एक चूक काढायला जागा नव्हती.

"मी लावला नाही," बॉक्सर हातमोज्याकडे बघत म्हणाला. "मी हात लावला नाही हो त्यांना." भिंतीजवळचे लोक एकेक करून उठून बसत होते, झोपेतून जागे झाल्यासारखे.

गादीवाला खाली बसला. "लागलं का?"

"नाही." वस्ताद वर बघत होते. डोळे उघडे, शांत. "त्या पोरीला याच्याकडे पाठव. बाकीच्यांनाही."

"पाठवतो."

"इथून छत केवढं लांब दिसतं रे."

"हो."

"तू रोज हेच बघायचास?"

"रोज."

"कधी बोलला नाहीस."

गादीवाल्यानेही मान वर केली. वर पंखा फिरत होता. त्याच्या मधल्या चकचकीत वाटीत सगळा हॉल उलटा दिसत होता. भिंतीजवळची माणसे, दारातली नर्स, हातमोजे काढायचे विसरून उभा राहिलेला बॉक्सर, सगळे मुंगीएवढे.

"उठायचं का, वस्ताद?"

"थांब जरा."

गादीवाल्याने त्यांच्या मानेखाली आपला हात सारला आणि मॅट तिथे जराशी दबून बसली आहे, हे त्याच्या बोटांना कळले. तो काही बोलला नाही. हात तसाच ठेवून तोही त्यांच्या शेजारी आडवा झाला.